मेंटेनन्स किती गो?

होस्टेल,
९ नोव्हेंबर २०२५

आत्या,

पाकीट बघून घाबरू नको. वीजबिल नाही, बँकेचं नाही, मी आहे, भागी. चुलीत घालण्याआधी एकदा वाच.

फोन तू उचलत नाहीस. आधी वाटलं चार्जिंग संपलं असेल, मग वाटलं भातकापणीला गेली असशील. पण काल दिनेशदादाच्या संगीतावहिनीने उचलला आणि मागून तुझा आवाज आला, "सांग तिला, मी नाय घरात." आत्या, तुझा आवाज मुरबाडच्या बाजारात या टोकाची बाई त्या टोकाला वळून बघते असा. तो मला फोनात ऐकू येणार नाही होय? म्हणून कागद घेतला. तू चौथी शिकलेली, बोट ठेवून वाचशील, म्हणून अक्षर मोठं काढते आहे. डॉक्टरांचं अक्षर नंतर शिकेन.

भाऊबीजेला सापगावला आली नाहीस. बाबांनी आंघोळ करून नवा सदरा घातला आणि दुपारपर्यंत ओटीवर बसून राहिले. आई गेल्यापासून त्यांना ओवाळायला घरात तुझ्याशिवाय कोण आहे? शेवटी मीच ओवाळलं. माझ्याकडे बघेनात. तुझ्याशी भांडण माझं, त्यात त्यांना का उपाशी बसवलंस?

बरं, आता त्या रविवारचं बोलते. चूक झाली, मान्य. पण सगळी माझ्या एकटीची नाही हां. तू नीट ऐकून घेत नाहीस, अर्धं ऐकतेस आणि पुढचं मनाचं लावतेस.

आमच्या कॉलेजात सोसायट्या असतात. म्हणजे डॉक्टर होणाऱ्या पोरापोरींची मंडळं, आपल्या गावात भजनी मंडळ असतं तशी. एक सर्जरीवाल्यांची, एक संशोधनवाल्यांची, एक परदेशात पत्रं पाठवणाऱ्यांची, एक खेडोपाडी तपासणीला जाणाऱ्यांची. सगळीकडे नाव घालता येतं, पण मग अभ्यास कोण करणार? म्हणून एक-दोन निवडायच्या. सर्जरीची सगळ्यात मोठी. मोठे डॉक्टर तिथे येतात, ऑपरेशन जवळून बघायला मिळतं, पुढे शिकायला चिठ्ठी मिळते. माझ्यासारख्या पोरीला, जिच्या मागे-पुढे कोणी डॉक्टर नाही, तिला असं कुठेतरी चिकटावंच लागतं.

हे मी तुला फोनवर सांगत होते. तू विचारलंस, "सोसायटी? भाताची गो?" मी घाईत होते, हसले आणि म्हणाले, "नाय गो, ती गावाची. ही मोठी, शहरातली." झालं! तू वाशिंदच्या बिल्डिंगी डोळ्यांपुढे आणल्यास. संगीतावहिनीची बहीण तिथे राहते आणि दिवसभर सोसायटी-सोसायटी करते, त्याला मी काय करू?

मग तू मला सांगायला लागलीस. "पानी चोवीस तास हाय का बघ. शेजारपाजार बघ, नायतर भांडकुदळ मिलतील. लय वरचा मजला घेऊ नको, माझं गुडघं नाय चढायचं. आन् मेंटेनन्स किती गो? तेवढं पयलं इचार." मला वाटलं तू गंमत करते आहेस. खरंच.

आणि तू "दूध मी आनते" म्हणालीस ते मला ऐकूच आलं नाही. रेंज नव्हती.

रागाव, शिव्या दे, पण फोन उचल.

तुझी,
भागी

—

होस्टेल,
२३ नोव्हेंबर

आत्या,

आज बाबा आले होते. खालच्या बाकड्यावर बसले, पाणीसुद्धा घेतलं नाही. म्हणाले, "गिरजाचं घर बघून आलो." मी म्हटलं, बरी आहे ना? तर म्हणाले, "बरी हाय. पडवीत हाय."

मला आधी कळलंच नाही. पडवीत म्हणजे? पडवीत तर लाकडं असतात, कोंबड्या असतात.

मग त्यांनी सगळं सांगितलं. की तू श्रावणातच तुझ्या पुतण्याला, दिनेशदादाला, बोलावून म्हणालीस, "मी आता भागीच्या सोसायटीत चालली. घर रिकामं ठेवून काय करू? तुजी बायको बालंतीन झाली, तुमी या इकडं." की ते लोक नवरात्रात सामान घेऊन माजघरात आले. की कोंबड्या तू शेजारच्या पारूमावशीला देऊन टाकल्यास, कारण वरच्या मजल्यावर कोंबड्या चालत नाहीत, असं तुला कोणीतरी सांगितलं होतं. आणि त्या रविवारी वाशिंदहून परत आलीस त्या संध्याकाळी दिनेशदादा म्हणाला, "काकी, आमी जातो परत आमच्याकडं," तर तू म्हणालीस, "दिलं ते दिलं. बालंतीनीला हालवू नको." आणि पडवीतली लाकडं बाहेर काढून आपली वळकटी तिथे टाकलीस.

हे ऐकून मी आधी दिनेशदादावर भडकले. म्हटलं, लाज नाही वाटत त्याला, म्हाताऱ्या बाईला पडवीत ठेवतो! बाबा म्हणाले, "त्यानं काय केलं?"

खरंच, त्याने काय केलं?

सहावीत होते मी, आई गेली तेव्हा. तू सापगावला आलीस, दहावं झालं आणि मला पाठीवर दप्तरासकट घेऊन गेलीस. त्याच माजघरात मी बारावीपर्यंत अभ्यास केला. पोपडे पडायचे म्हणून भिंतीला तू माझ्या डोक्यामागे जुनी साडी लावली होतीस. अजून असेल का गो ती? की वहिनीने काढली?

आत्या, मागच्या पत्रात मी थोडं खोटं लिहिलं. मला वाटलं तू गंमत करते आहेस, असं लिहिलं होतं. नाही. "माझं गुडघं नाय चढायचं" म्हणालीस ना, तेव्हाच माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. तुझे गुडघे. म्हणजे तू स्वतःला तिथे धरून चालली होतीस. लहानपणी मी रोज म्हणायची ना, डॉक्टर झाले की मोठं घर घेईन आणि तुला घेऊन जाईन, ते तू पदराला गाठ मारून ठेवलं होतंस. मी विसरून गेले होते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. एवढंच म्हणायचं होतं, "आत्या, घर नाही गो, मंडळ आहे." पण तू इतकी खुशीत होतीस! मला तुझा तसा आवाज कित्येक वर्षांत ऐकू आला नव्हता. म्हटलं, पुढच्या फोनला सांगू. पुढच्या फोनला तू विचारलंस, खिडकी कुठल्या बाजूला आहे. मी म्हणाले, उगवतीला. आत्या, मी खिडकीसुद्धा सांगितली तुला. माझ्या जिभेला हाड नाही.

पण मला काय माहीत तू घर देऊन टाकशील? तू मला त्यातलं एक अक्षर सांगितलं नाहीस. मला खूश करायचं होतं ना, आयत्या वेळी?

उत्तर लिही. शिवी लिहिलीस तरी चालेल.

भागी

—

होस्टेल,
१४ डिसेंबर

आत्या,

उत्तर नाही. बरोबर आहे तुझं. मी अजून मुख्य गोष्ट लिहिलीच नाही, आणि ती तुला ठाऊक आहे, म्हणून तू वाट बघते आहेस. की वाट पण बघत नाहीस?

मेंटेनन्सची गोष्ट सोसायटीतल्या त्या पोरांना कशी कळली, हे तू त्या दिवसापासून स्वतःला विचारत असशील. मी सांगितली. दुसरं कोण सांगणार?

सर्जरीच्या सोसायटीत नुसतं नाव घालून चालत नाही, मुलाखत असते. वरच्या वर्गातली चार पोरं टेबलामागे बसतात. त्यांचा अध्यक्ष हर्षित, त्याचे आईवडील दोघेही डॉक्टर, आजोबासुद्धा. माझ्या आधीच्या पोरी आत जाऊन इंग्रजीत फाडफाड बोलून आल्या. मी आत गेले तर माझी जीभ टाळ्याला चिकटली. हर्षितने विचारलं, "एवढ्या सोसायट्या आहेत, तू कशी निवडलीस?" सगळे घड्याळाकडे बघायला लागले. मला दिसत होतं, हे आता "पुढची" म्हणणार.

आणि मग मी तुला बाहेर काढलं.

मी म्हणाले, माझ्या आत्याने सांगितलं त्याप्रमाणे निवडली. पाणी चोवीस तास आहे का. शेजार कसा आहे. वरचा मजला नको. आणि कंबरेवर हात ठेवून, मान अशी तिरकी करून, अगदी तुझ्या आवाजात म्हणाले, "आन् मेंटेनन्स किती गो?"

आत्या, ते इतके हसले! एक पोरगी डोळे पुसत होती. हर्षित म्हणाला, अजून एकदा कर. मी अजून एकदा केलं. मग मी वाढवून सांगायला लागले. तू कधी न बोललेली वाक्यंसुद्धा तुझ्या तोंडी घातली. लिफ्टमधून कोंबड्या नेता येतील का, असं तू विचारलंस, असं मी सांगितलं. तेव्हा तू खरंच पारूमावशीला कोंबड्या देत होतीस, आणि मी इथे त्याच कोंबड्यांवर टाळ्या घेत होते.

निवड झाली. यादीत पहिलं नाव माझं होतं.

आता कळलं ना तुला, मी का नाही सांगितलं? तू खुशीत होतीस म्हणून नाही. तुला खरं सांगितलं असतं तर तू पुढचं काही बोलली नसतीस, आणि मला पुढचं हवं होतं. मेसमध्ये पोरं मला विचारायची, "आत्या काय म्हणते?" मी तुला फोन करायची आणि ऐकलेलं रात्रीच्या जेवणाला घेऊन जायची. मला पहिल्यांदाच कोणीतरी आपल्या टेबलावर बसवून घेत होतं गो.

आणि रेंज होती. तू म्हणालीस, "रविवारी वाशिंदला सोसायटीत कार्यक्रम हाय ना? दूध मी आनते." मी सगळं ऐकलं. आमच्या सर्जरीवाल्यांचं तपासणी शिबिर तिथल्या एका नव्या बिल्डिंगीच्या हॉलमध्ये होतं, मला बॅज मिळायचा होता, पण तू गृहप्रवेशच समजलीस. मी "हो हो" म्हटलं आणि फोन ठेवला. मला वाटलं, एवढ्या लांब कशाला येते ही. शहापूरपर्यंत एसटी, पुढे जीप, गुडघे दुखतात, येणार नाही. ज्या गुडघ्यांवर मी हसवत होते त्यांच्याच भरवशावर राहिले.

तू आलीस. हिरवं लुगडं नेसून, एका हातात देवांचं गाठोडं आणि दुसऱ्या हातात पारूमावशीच्या म्हशीच्या दुधाची किटली. दारातूनच म्हणालीस, "भागी, चूल कुठं गो? दूध नासंल." नव्या घरात पहिलं दूध उतू घालवायचं असतं, ते तुझ्या हाताने व्हावं म्हणून तू पहाटे निघाली होतीस.

मी तुझ्याजवळ पोचायच्या आत हर्षित पोचला. "अरे, हीच ना? मेंटेनन्सवाली आत्या!" सगळे गोळा झाले. फोन निघाले. तुला वाटलं ते माझे शेजारी, तू सगळ्यांना बघून हसलीस. मुलाखतीत डोळे पुसणाऱ्या त्या पोरीने म्हटलं, "आत्या, एकदा म्हणा ना, मेंटेनन्स किती गो." आणि तू म्हणालीस. कोणी पाहुण्याने आग्रह केला तर नाही कसं म्हणायचं, म्हणून तू म्हणालीस. ते हसले. मग तू माझ्याकडे बघितलंस.

मी पण हसत होते.

तेवढं तू बघितलंस आणि तुला सगळं कळलं. किटली टेबलावर ठेवलीस, गाठोडं छातीशी धरलंस, म्हणालीस, "पानी पिऊन येते." मी तुझ्यामागे आले नाही. बॅज द्यायला सुरुवात झाली होती.

चहाला दूध कमी पडलं, तर त्यांनी तुझी किटली उघडली. आत्या, त्या दुधाचा चहा मी पण प्यायले. चांगला झाला होता.

किटली माझ्या खोलीत आहे, खिडकीत. खिडकी मावळतीला आहे.

भागी

—

होस्टेल,
११ जानेवारी २०२६

आत्या,

थोडंच लिहिते.

सोसायटीचं नवीन वर्ष सुरू झालं, परत नाव द्यायचं की नाही ते विचारत होते. तुला वाटेल मी बॅज तोंडावर फेकला असेल. मला पण वाटलं होतं तसं करीन. मिताली, माझी खोलीतली मैत्रीण, म्हणाली, सोड आणि खेडोपाडी जाणाऱ्यांच्यात ये, तिथे मुलाखत नाही की काही नाही. मी तिथेही नाव घातलं. पण सर्जरीचं सोडलं नाही, आत्या. मला पुढे शिकायचंय, आणि तो रस्ता तिथूनच जातो. सोडलं असं लिहिलं असतं तर तू कदाचित विरघळली असतीस, पण तुला खोटं सांगून झालं तेवढं पुरे.

हर्षितला मात्र गाठलं. म्हटलं, ती गोष्ट यापुढे कोणी करायची नाही. तो म्हणाला, "अगं, एवढी गोड आहे तुझी आत्या, आम्ही प्रेमाने करतो." मी म्हटलं, तिने आपल्यापायी राहतं घर सोडलं. त्यावर तो म्हणाला, "पण आम्हाला काय माहीत? तूच तर सांगितलीस." मान खाली घालून आले.

येत्या रविवारी मी मुरबाडला येते आहे. फोन करून विचारत नाही, तू "घरात नाय" म्हणायला सांगशील. किटली घेऊन येते. दारातून हाकललंस तर किटली उंबऱ्यावर ठेवून परत जाईन.

भागी

—

होस्टेल,
१९ जानेवारी

आत्या,

काल तू मला हाकललं नाहीस. ये पण म्हणाली नाहीस. मी पडवीच्या दारात उभी होते, तू तांदूळ निवडत होतीस, आणि बराच वेळ सूप हलत राहिलं. बोलायचं खूप ठरवून आले होते. एसटीत पाठ केलं होतं. तुझ्या मागच्या भिंतीला ती जुनी साडी लावलेली दिसली आणि सगळं विसरले. वहिनीने काढली नव्हती, तूच काढून इकडे आणलीस. कोणाच्या डोक्यासाठी गो? इथे कोण अभ्यास करणार आहे?

मी तुझ्या पायांवर डोकं ठेवलं तेव्हा तू पाय मागे घेतलेस. ते बरोबर केलंस. मी रडायला लागले तर म्हणालीस, "तांदलात पानी पडंल." एवढंच. मग किटली उघडून बघितलीस. मी पारूमावशीकडून भरून आणली होती. तू वास घेतलास, आणि उठून चूल पेटवलीस. तीन दगडांची, नवी, अजून नीट काळीसुद्धा झालेली नाही.

मला वाटलं चहा टाकते आहेस. दूध वर यायला लागलं तशी मी पदर नाही म्हणून ओढणीनेच भांडं उतरवायला धावले, आणि तू माझं मनगट धरलंस. वाशिंदनंतर तू मला पहिल्यांदा हात लावलास.

"राहू दे गो. जाऊ दे उतू," म्हणालीस. "नवीन घर हाय माजं."

दूध भांड्यावरून खाली आलं, दगडांवर चरचरलं, पडवीभर जळका वास झाला. माजघरात बाळ जागं झालं, वहिनी डोकावून गेली. तू हात जोडलेस. कोनाड्यात तुझे देव होते, गाठोड्यातून काढून मांडलेले. मग तू कंबरेवर हात ठेवलास, मान तिरकी केलीस, अगदी मी करून दाखवायची तशी, आणि माझ्याकडे बघून म्हणालीस, "आन् मेंटेनन्स बी नाय."

तू हसलीस की नाही ते धुरात मला दिसलं नाही. मी या वेळेला नाही हसले, आत्या.

तुझी,
भागी